पहिल्या वेच्याची ऊब

दिवाळी तोंडावर आली की माझा फोन वाजायला लागतो. "काका, गिनीपिग थरथरून राहिले, काय करू?" मी म्हणतो, पडदा सोड. "सोडला." वाळलं गवत घाल. "घातलं." मग दोघांना एका खोलीत कोंब. "एकच आहे काका." तिथं माझं डोकं दुखायला लागतं. एकटं जनावर स्वतःला किती गरम ठेवणार? हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं की आता सांगतानाच जांभई येते. दुकान पोरगा पाहतो. पाहतो म्हणजे दुकानात बसून मोबाइल पाहतो. गिनीपिगच्या पेट्या मी बनवतो, त्यांचे फोन अजून माझ्याच नशिबी आहेत.

संपादकांनी सांगितलं, गजाननभाऊ, बोलता तसंच लिहा. तसं लिहिलं तर पुण्याच्या वाचकाला वाटेल हा माणूस भांडून राहिला. म्हणून शाळेत शिकवलं तसं लिहितो. मधून मधून वऱ्हाडी निसटेल, ती गोड मानून घ्या.

मी मूळचा कूलरवाला. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नसतो, त्यानं एकदा मे महिन्यात दुपारी इथं रिक्षा शोधून पाहावी. आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी लोक घरात कूलर किती ते विचारतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाणी, आत पंखा, एवढाच तो धंदा. पत्रा ठोकून ठोकून माझे कान गेले, वाकून वाकून कंबर गेली. उन्हाळ्यात जेवायला सवड नाही आणि दसऱ्यानंतर माशा मारत बसायचं. हिवाळ्यात कूलरवाल्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही.

अशा एका रिकाम्या हिवाळ्यात बँकेतले एक साहेब दुकानात आले. पुण्याहून बदली होऊन आले होते. मोबाइलमध्ये फोटो दाखवला. लाकडाचं छोटं घर, उतरतं छप्पर, पुढं जाळी. आत उंदरापेक्षा मोठं आणि सशापेक्षा लहान असं काहीतरी बसलेलं. म्हणाले, मुलीचे गिनीपिग आहेत, अंगणात ठेवायला असं घर पाहिजे. हात रिकामे होते, मी हो म्हटलं. फोटोत होतं तसंच करून दिलं, रंगही तोच मारला. साहेब खूश.

पावसाळ्यात ते घर तिरपं झालं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हे फोटो काढणाऱ्याला कुठून माहीत असणार? पाय एकीकडं खचले, दार चौकटीत बसेना, त्या फटीतून मांजर आत गेलं. खालचं लाकूड तोवर उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लंच होतं. साहेब तक्रार करायला आले नाहीत. मुलगी शाळेतून जाताना दुकानासमोर थांबली, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेली. त्यापेक्षा साहेबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पोरीच्या त्या पाहण्यावर मी हे काम शिकलो. कूलरचा लोखंडी स्टँड घेतला, पायाखाली फरशीचे तुकडे आणि मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. बाहेरून पत्रा, आतून लाकडी फळी, मधे बोटभर पोकळी. नुसता एकेरी पत्रा असला तर पहाटे त्याला आतून घाम येतो आणि जनावर ओलं होतं. माझ्या पेटीत हात घातला तर फळी कोरडी लागते, हवं त्यानं येऊन पाहावं. पेटीत दोन खोल्या, एक जाळीची, हिंडायला, आणि एक बंद, अंधारी, झोपायला. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं दातानं फाडतं, म्हणून जाड वेल्डिंगची जाळी, तिच्या भोकातून मुंगसाचं तोंड जाऊ नये इतकी बारीक. तोंड पूर्वेला. रात्री पोत्याचा पडदा, पण खाली चार बोटं फट ठेवायची, नाहीतर आत लघवीचा वास कोंडतो आणि त्या वासानंच ते आजारी पडतं. पुस्तक वाचून हे आलं नाही, लोकांची जनावरं मरून मरून आलं.

गिनीपिग हे फार भित्रं जनावर. त्याला नखं दाखवता येत नाहीत, चावता येत नाही, पळता येत नाही. घाबरलं की गवतात तोंड खुपसतं आणि समजतं की आपण लपलो. थंडी त्याला सोसत नाही आणि ऊन त्याहून सोसत नाही. म्हणजे अकोल्या-अमरावतीत यायलाच नको होतं त्यानं. पण आलं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एकानं स्वतःचं डोकं चालवून जुन्या कूलरच्या रिकाम्या खोक्यात गिनीपिग ठेवले, वर मला सांगतो, "काका, तुमचाच कूलर हाये, तुमच्या पेटीचे पैसे वाचले." आत काय घातलं तर कूलरच्या ताटीतलं जुनं गवत, दोन उन्हाळे भिजून काळं पडलेलं. मी म्हटलं, तू झोपतो का याच्यावर? तिवश्याच्या एका बाईंनी ऊब म्हणून आत बल्ब लावला आणि पडद्याला जळून भोक पडलं, जनावरं वाचली ती बाईंच्या नाकामुळं. आणि धामणगाव रेल्वे या गावचे एक धान्याचे व्यापारी होते, त्यांनी नातवासाठी पेटी नेली आणि गोदामाच्या मागं ठेवली. तिला जे कुलूप लावलं तसं गोदामालाही नव्हतं. पण एक दिवस गिनीपिग मोकळे सोडलेले असताना गोदामाचा चौकीदार दांडकं घेऊन धावला. त्याला वाटलं घुशी निघाल्या. शेठ मधे पडले आणि दांडकं शेठच्या पोटरीवर बसलं. शेठनी मला फोन करून विचारलं, "भाऊ, येच्यावर रंग मारता येते का? घुशीवानी दिसू नये असा."

असं हसत-कुरकुरत चालायचं. पण एक गोष्ट मी छाती पुढं काढून सांगायचो. माझ्या पेटीतलं जनावर उन्हानं गेलं असेल, मालकाच्या अकलेनं गेलं असेल, थंडीनं एकही गेलं नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायचो. बायको म्हणायची, नका बोलू असं, दृष्ट लागते.

आबाजी दुकानात आले ते दसऱ्याच्या आधी. भातकुलीकडचे शेतकरी, काळ्या जमिनीचे, घरचं बरं असलेले. खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी, पायात चिखलाच्या चपला. नातीला भेटायला आले होते. नात पूर्वा, डॉक्टर व्हायचं म्हणून अकोल्यात क्लासला. आमच्या अकोल्यात आता कूलरपेक्षा क्लास जास्त झालेत. होस्टेलवरून परत जाताना आबाजींना दुकानाबाहेरची पेटी दिसली.

"काय इकता हे? कोंबड्याचं खुराडं?"

"गिनीपिगची पेटी आहे, आबाजी. बसा."

ते माझ्या लोखंडी स्टुलावर बसले आणि लगेच उठले. "बाप्पा! भल्लं थंडं हाये हे. येच्यावर बसून तुमी दुसऱ्याच्या जनावराले ऊब इकता?"

मला हसू आलं. पोरानं चहा आणला, आबाजी उभ्यानंच प्याले आणि सांगत गेले. पूर्वाचे चार गिनीपिग होते, नागपूरच्या मामानं दिलेले. नावं तिनंच ठेवलेली, शेव, चिवडा, बुंदी आणि जिलबी. होस्टेलवाले जनावर ठेवू देत नाहीत. घरात ठेवावं तर सून म्हणते वास येतो. अंगणात कडुलिंबाखाली जुन्या टोपलीत ठेवलेत, पण आता थंडी येणार.

"जाताना पोट्टीनं मायले नाई सांगितलं, बापाले नाई सांगितलं, मले सांगितलं. म्हने, आबाजी, मी वापस येईपर्यंत यायले तुमी सांभाळा. म्या हाव म्हनलं." चहाचा कप त्यांनी नीट खाली ठेवला. "रोज तिकडे बारा-बारा तास अभ्यास करून राहिली थे. दर रविवारी फोन देतात तिले. पयले इचारते, शेव कशी हाये, चिवडा कसा हाये. मंग इचारते आबाजी कसे हायेत. यायच्यातलं एक जरी गेलं, तं थे रडत बसंल अन् अभ्यास राहून जाईल. मले एकही मरू द्यायचं नाई."

मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. माझ्या पेटीत आजवर थंडीनं एकही मेलं नाही.

"पक्कं?"

"पक्कं."

पेटी मी स्वतः टेम्पोसोबत जाऊन लावून दिली. कडुलिंबाखाली फरशी टाकली, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तोंड पूर्वेला केलं. आबाजी प्रत्येक खिळ्याला हात लावून पाहत होते. आत काय घालायचं विचारलं, मी म्हटलं मऊ वाळलं गवत, ओलं झालं की काढायचं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, कापसाची बोंडं फुटायला लागली होती. मी चहा घेऊन परत आलो आणि विसरून गेलो.

थंडी पडली तसा पहिला फोन आला. "भाऊ, शेव गेली." आवाज खाली गेलेला. दोन दिवस खात नव्हती, दम लागत होता, पोट भात्यासारखं हलत होतं. थंडीच भरली असं आबाजींना वाटलं. मी विचारलं, पडदा सोडता का, वारा कुठून येतो का. "पडदा सोडतो. ऊब कमी नाई ठेवली भाऊ, उलट वाढवली." कशानं वाढवली ते मी विचारलं नाही, गवतच असणार असं धरून चाललो. फोन ठेवताना म्हणाले, "पोट्टीले सांगितलं शेव झोपली हाये." माझ्या बायकोनं माझं तोंड पाहिलं आणि मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली.

मग दुसरा फोन आला, चिवडाही गेला, तेव्हा मी पहिली बस पकडून अमरावतीला आणि तिथून भातकुलीला गेलो. घरच्यांना वाटलं आमचा म्हातारा सरकला, गिनीपिगसाठी कोणी एवढ्या लांब जातं का. पण मला पेटी पाहायची होती. खरं सांगतो, मी जनावरासाठी नव्हतो गेलो. माझी पेटी खोटी पडली असेल तर मला ते माझ्या हातानं कळायला पाहिजे होतं.

अंगणात आबाजी पेटीजवळ पाटावर बसलेले. बाजूला फडक्यात गुंडाळलेला चिवडा. मी आधी पेटी पाहिली. फळी कोरडी. सांधे बंद. जाळी शाबूत. दार नीट लागतं. मग झोपायच्या खोलीचं झाकण उचललं आणि पाहतच राहिलो. खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. पांढराशुभ्र, मऊ, बोंडातून काढलेला तसाच. त्यातून बुंदी आणि जिलबी नुसती नाकं काढून बसलेल्या.

"कापूस?" मी म्हटलं.

आबाजींच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "पयल्या वेच्याचा हाये. सीतादहीचा."

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. कापूस वेचायला सुरुवात करायची त्या दिवशी शेतात पाच दगड मांडून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला वेचा घेतात. त्याला सीतादही म्हणतात. आबाजींच्या घरात तो पहिला कापूस कधी बाजारात जात नाही. त्यातून देवाच्या वाती होतात, घरात लेकरू जन्मलं तर त्याची दुलई होते. पूर्वाची दुलईही अशीच झालेली.

"यंदा घरात लेकरू नाई," आबाजी म्हणाले. "म्हनलं हेच पोट्टीचे लेकरं. गवतानं काय ऊब येते? दम लागला की अजून एक मूठ घालतो. शेवले तं सारा अंगावर घातला होता. तरीबी थंडी कशी लागली भाऊ तिले?"

तोवर मलाही काही कळलं नव्हतं. मीही अशाच कापसात वाढलेला माणूस. एवढंच दिसलं की खोलीच्या कोपऱ्यात काळपट टरफलं पडली होती, चावलेली. मी एक मूठ कापूस त्या टरफलांसकट खिशात टाकला आणि चिवड्याचं गाठोडं मागितलं. म्हटलं, अमरावतीत जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून येतो. आबाजींनी गाठोडं दोन्ही हातांनी दिलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला भले. त्यांनी चिवड्याला उघडून पाहिलं. छातीत पाणी भरलेलं. मला विचारलं, "चाऱ्यात सरकी होती का? सरकीची ढेप, पेंड?"

मी नाही म्हणणार होतो. मग खिशातली मूठ टेबलावर ठेवली. त्यांनी कापूस बोटानं पसरला. वेचलेल्या कापसात सरकी, त्याचं बी, असतेच, ती जिनिंगमध्ये निघते. इथं एकेक सरकी कुरतडलेली होती.

"गाईला रोज घालतात डॉक्टर," मी म्हटलं. "सरकीनं दूध वाढतं."

"गाईचं पोट वेगळं. सरकीत विष असतं, गाय ते जिरवते. याला ते जमत नाही. थोडं थोडं अंगात साठतं, छातीत पाणी होतं, दम लागतो. लोकांना वाटतं थंडी झाली."

मी तिथल्या बाकावर बसलो. लोकांना वाटतं थंडी झाली. दम लागला की म्हाताऱ्यानं अजून एक मूठ घातली. पुन्हा दम लागला, पुन्हा मूठ. देवाच्या वातीचा कापूस. डॉक्टरांनी पाणी दिलं, मला म्हणाले घाबरू नका, कापूस आजच काढा, राहिलेली दोन वाचू शकतील. पैसे घेत नव्हते, मी ठेवूनच आलो.

भातकुलीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार करत होतो की काय सांगू. खरं सांगितलं तर म्हातारा नातीच्या डोळ्याला डोळा कधी देणार नाही. दुसऱ्या कोणाच्या हातानं मेलं असतं तर रडून मोकळा झाला असता. आपल्याच मायेनं मेलं हे माणूस कुठं ठेवणार? आणि कापूस तर आजच काढायला पाहिजे होता. कारण काय द्यायचं? एकच कारण माझ्याजवळ होतं आणि ते तोंडातून काढायला मला भातकुली येईपर्यंतचा वेळ लागला.

आबाजी तिथंच बसलेले होते. हातात नवीन कापसाची मूठ.

"घालू नका," मी म्हटलं. "पेटीत खोट आहे, आबाजी. पत्रा आतून घाम धरते, कापूस ओल पितो, थंडी बसते. आजच सारा काढा. गवत भरू."

त्यांनी मूठ खाली केली. "तुमी तं म्हनलं होतं एकही मेलं नाई."

"चुकलो."

"माह्या पोट्टीचे दोन गेले."

"हो."

मग म्हणाले, "लय भरोशानं घेतली होती तुमच्याकून." एवढंच. चढ्या आवाजात बोलले असते तर मी सोसलं असतं. मी खाली मान घालून कापूस काढायला लागलो. पोत्यात भरला, टरफलं झाडून घेतली, खोली पुसली, गवत भरलं. पोतं उचलून टाकायला निघालो तर त्यांनी हात धरला.

"थे फेकू नोका. पयल्या वेच्याचा हाये."

पोतं त्यांनी स्वतः उचलून घरात नेलं. मला चहा विचारला नाही. वऱ्हाडात दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला विचारा.

घरी येऊन मी आजारी पडलो. चार दिवस पडून होतो. बायकोला खरं सांगितलं, ती म्हणाली, बरं केलं. पण बरं वाटलं नाही. आयुष्यभर एकच फुशारकी होती माझी, तीही स्वतःच्या हातानं मोडली. त्या दिवसापासून ते वाक्य मी दुकानात परत म्हटलं नाही. आता भातकुलीकडून कोणी येणार नाही, उलट तिकडं नाव खराब होणार, हे मी धरूनच चाललो. बुंदी आणि जिलबी मात्र जगल्या. आबाजींचा फोन आला, दोनच शब्दांचा. "जगल्या भाऊ."

पावसाळा सरल्यावर एक माणूस आला, भातकुलीचाच. त्याच्या मुलालाही गिनीपिग पाहिजे होते. म्हणाला, "आबाजीनं सांगितलं, पेटी घ्याची तं अकोल्याच्या गजाननभाऊकूनच घ्या." मी त्याला परत विचारलं, कोणत्या आबाजींनी? तेच, म्हणाला. मला उमगेना. माझ्याच तोंडानं मी सांगितलं होतं, पेटी खोटी आहे. मग म्हातारा माझ्याकडंच माणूस का पाठवतो? मी पेटी दिली आणि त्याला दारातच बजावून सांगितलं, आत कापूस घालायचा नाही, सरकी नाही, ढेप नाही, नुसतं गवत. तो म्हणाला, "आबाजीबी हेच म्हनले."

तरीही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. पत्रा ठोकून कान जातात, तसं बाकीचंही काही जात असेल.

दिवाळीच्या आधी पूर्वा दुकानात आली. डॉक्टरीला नंबर लागला होता, पेढे घेऊन आली. आबाजींनी परीक्षा होईपर्यंत तिला काही कळू दिलं नव्हतं, मग सांगितलं की दोन गेले. म्हणाली, "मी खूप रडले काका. पण आबाजी माझ्याहून जास्त रडले. मीच त्यांची समजूत काढली." कशानं गेले म्हणाले, असं मी विचारलं. "थंडीनं म्हणाले."

मग तिनं पिशवीतून एक उशी काढली. उशी म्हणजे बसायची छोटी गादी, स्टुलावर मावेल एवढी, जुन्या लुगड्याच्या खोळीची.

"ही आबाजींनी दिली. म्हणाले, त्यांचं लोखंडी स्टूल लय थंड असतं, त्यावर टाकायला सांग." आणि जरा आठवून म्हणाली, "एक निरोप पण आहे, मला तर काही कळला नाही. म्हणाले, भाऊले सांगजो, येच्यात सरकी एकबी नाई. सारा उन्हाळा बसून म्या हातानं काढली."

मी उशी हातात घेतली. दाबून पाहिली, सगळीकडून दाबली. मऊ. एकही खडा लागला नाही.

म्हणजे म्हाताऱ्याला कळलं होतं. वाती करायला म्हणून तो कापूस घेऊन बसला असेल आणि एकेक सरकी काढताना ती चावलेली दिसली असेल. त्यानं कोणाला तरी विचारलं असेल. माझी पेटी कोरडी होती हेही त्याला आठवलं असेल, रोज हात घालणारा माणूस तो. आणि मग उरलेली सरकी तो सारा उन्हाळा काढत बसला. मला भडभडून आलं. पोरीसमोर नको म्हणून मी आत जाऊन पत्र्याचे तुकडे उगीच इकडचे तिकडे केले.

"म्हणजे काय काका?" पूर्वानं विचारलं.

"म्हणजे गादी चांगली झाली," मी म्हटलं.

हा लेख लिहायचा म्हणजे पूर्वाही वाचणार. म्हणून आधी भातकुलीला फोन केला. आबाजींना आता ऐकू कमी येतं, मलाही कमी येतं, दोघं ओरडून बोललो. मी विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिवा. कापसाचा मुलूख हाये आपला, घरोघरी सरकी हाये. दुसऱ्याच्या लेकराचं जनावर असं नाई मराले पायजे. पोट्टीले म्या सांगतो, तुमी नोका सांगू." मी बरं म्हटलं, फोन ठेवणार होतो.

"भाऊ," ते म्हणाले, "अन् पेटीत खोट नव्हती, हे सगळ्यात पयले लिवा."

सगळ्यात आधी लिहायचं राहून गेलं. गादीवर बसून आता लिहून राहिलो. पेटीत खोट नव्हती.